‘प’पासून पुढे

शिवाण्णांच्या कामाच्या खोलीत खुर्ची नव्हती. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घराच्या माडीवर एक लांबलचक लाकडी ओटा होता, त्यावर झाकणं काढलेले कॉम्प्युटर, आणि ओट्यामागे स्वतः शिवाण्णा, या पायावरून त्या पायावर. गिऱ्हाइकानंही उभंच राहायचं. कुणी टेकायला जागा शोधू लागलं की ते म्हणत, “पावणं, बसायचं आसंल तर खाली आमच्या मंडळीकडं बसा. च्या बी मिळंल. हितं दोन मिनटांचं काम हाय.” काम दोन तासांचं असलं तरी वाक्य हेच.

त्यांचं पूर्ण नाव शिवानंद तेरदाळे. कुरुंदवाडच्या पलीकडच्या एका खेड्यातलं लिंगायत घर. आईशी कानडी, बाकी जगाशी मराठी. स्क्रू फिरवताना मात्र मोजायचे ते कानडीतच, “ओंदु, एरडु, मूरु…” आधी रेडिओ, मग टीव्ही, नव्वदच्या सुमाराला व्हीसीआर आणि त्यानंतर शाहूपुरीतल्या कचेऱ्यांमधून कॉम्प्युटर आले तसे कॉम्प्युटर. शिकले कुठं विचारलं तर म्हणत, “मोडकं मिळालं की मानूस शिकतंय. चांगलं मशीन काय शिकवणार?” बंद पडत आलेल्या हार्ड डिस्कमधून लोकांच्या फाइली बाहेर काढणं हा त्यांचा हातखंडा. डॉक्टर छाती तपासतो तसे ते तपासायचे. लांब पेचकसाचं टोक अलगद डिस्कवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. तेवढं अर्धं मिनिट ते स्थिर असत. “घरघर आसली तर येळ हाय. टकटक आली की मातूर अवघड. मग घाई बी करायची न्हाई आन येळ बी घालवायचा न्हाई.”

माझी त्यांची गाठ पडली ती महापुराच्या वर्षी.

मी तेव्हा कॉलेजात मराठी शिकवत होते आणि सहा वर्षं पीएच.डी. करत होते. विषय होता शिरोळ भागातल्या बायकांच्या बोलीतले शब्द. चुलीचे, परड्यातले, बाळंतिणीचे, शेतातल्या न्याहारीचे. सीमेवरचा मुलूख, त्यामुळे निम्मे शब्द कानडीतून आलेले. माझं माहेर शिरोळचं. सुट्टी लागली की तिकडे जायचं, गावोगाव हिंडून कार्डांवर शब्द उतरवायचे, कॅसेटवर बोलणं घ्यायचं, आणि कोल्हापूरला आल्यावर ते कॉम्प्युटरवर टाइप करायचं. कार्डं आणि कॅसेटी माहेरच्या कपाटातच राहात. पुराचं पाणी त्या घरात आठवडाभर होतं. माणसं वेळेत बाहेर पडली. कार्डांचा लगदा झाला आणि कॅसेटींमधून गाळ निघाला. मी सगळ्यांना धीर देत फिरत होते, “माझं काही गेलं नाही, सगळं कॉम्प्युटरवर आहे.”

तीन आठवड्यांनी कॉम्प्युटर सुरू करताना आतून कुणी नखानं टिचकी मारावी तसा आवाज येऊ लागला. टक. टक. टक. पडदा मध्येच गोठायचा. शेजाऱ्यांनी शिवाण्णांचा नंबर दिला. मी फोनवर सांगायला लागले तर पलीकडून ओरडणंच आलं, “बंद करा! आदी वायर काढा, मग बोला!” मी वायर काढून परत आले. “आता सांगा. दुसरीकडं कॉपी हाय?”

“नाही.”

“एकच कॉपी म्हंजे कॉपी न्हाईच की ओ मॅडम,” ते म्हणाले. “मशीन हलवू नका. मीच येतो.”

पाव तासात स्कूटर दारात. मागच्या सीटला दोरीनं बांधलेला त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी तो मांडला, माझी डिस्क काढून त्याला जोडली, पेचकस कानाला लावून ऐकलं आणि विचारलं, “सगळ्यात मोलाचं काय हाय? तेच पयलं काढायचं. फोटो, गानी, पत्रं ऱ्हाऊ देत.”

मी सांगितलं. एकेका अक्षराची एकेक फाइल होती. ‘अ’ची, ‘आ’ची, थेट ‘ह’पर्यंत. विद्यापीठानं दिलेली शेवटची मुदत मार्चअखेर संपत होती.

‘अ’ची फाइल त्यांच्या डिस्कवर उतरली तेव्हा मी धावत जाऊन पडद्यासमोर उभी राहिले. फाइल उघडली. सगळा कचरा. इंग्रजी अक्षरं, टिंबं, चिन्हं, कशाचा कशाला मेळ नाही. “गेलं सगळं,” मी म्हणाले.

“कुठं गेलंय? तुमचा मराठी फॉन्ट माझ्या मशिनीत न्हाई, तर ती बिचारी काय वाचणार?” ते हसले. फॉन्टची फ्लॉपी माझ्याकडे होती. ती घातली, आणि त्या कचऱ्यातून ‘अडसर’ हा शब्द वर आला. मला रडू फुटलं. शिवाण्णा पटकन स्वयंपाकघरात गेले आणि गळका नळ तपासू लागले.

फाइली उतरायला वेळ लागत होता आणि शिवाण्णांना वेळ घालवता येत नव्हता. दिवसभरात त्यांनी नळाचा वायसर बदलला, मिक्सरचं भांडं घट्ट केलं, वर्षभर मुकी असलेली दारावरची घंटा बोलती केली. मधूनच येऊन डिस्कचं ऐकायचे, तिच्यावर हात ठेवून ऊब बघायचे, गरम झाली की बंद करून विसावा द्यायचे. त्यांच्यामागे मीही घरभर फिरत होते. एका माणसाची अस्वस्थता दोघांना पुरून उरत होती. शिवाण्णांना उशीर होईल असा निरोप त्यांच्या घरी द्यायला गेलेल्या आमच्या शेजारीणबाईंना त्यांच्या बायकोनं सांगितलं होतं म्हणे, “बसलेले दिसले तर मला बोलवा, आजारी आसतील.” संध्याकाळपर्यंत ‘ध’पर्यंतची अक्षरं निघाली. जाताना ते मला ‘अक्का’ म्हणाले. मी त्यांच्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी लहान. मी त्यांना अण्णा म्हणायचं आणि त्यांनी मला अक्का, असं ते ठरूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्क काही केल्या उठेना. शिवाण्णांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली आणि आमच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात ठेवली. “कदी कदी गारव्यानं शुद्धीवर येती.” तासाभरानं बाहेर काढून जोडली तर खरंच दहा मिनिटं चालली. ‘न’ निघाला. मग पुन्हा टकटक. त्यांनी ताबडतोब वीज तोडली.

“आता उद्या सकाळपत्तूर हात लावायचा न्हाई,” ते म्हणाले. “गार हुती, आता भाईर काढली, आत दव धरलं आसणार. वाळली पायजे. उद्या बघू.”

हे अकरा वाजता. साडेअकराला मी विचारलं, “अजून किती?” बाराला विचारलं. ते टेबलाभोवती फेऱ्या मारत होते, मी दारात उभी होते. घरी जायचं सोडून ते तिथंच घुटमळत होते, कारण तिकडेही त्यांना चैन पडलं नसतं. एक वाजता मी म्हणाले, “शिवाण्णा, एकदा लावून बघू या ना. नुसती एकदा. ‘प’ तर निघेल.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डिस्कवर हात फिरवला. “कोरडी वाटती खरी,” असं काहीतरी पुटपुटले. आणि लावली.

तो आवाज टकटक नव्हता. कढईचं बूड उलथन्यानं खरवडावं तसा होता. दोन-तीन सेकंद. मग काहीच नाही.

शिवाण्णांनी पेचकस कानाला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

माझे यजमान जेवायला घरी आले तेव्हा ते तिथंच होते. यजमानांनी काही विचारायच्या आतच बोलले, “साहेब, डिस्क आपसूक मेलेली न्हाई. उद्यापत्तूर थांबायचं हुतं, थांबलो न्हाई. मी मारली.”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं, ‘मीच म्हणाले होते लावा म्हणून.’ ते बोलले नाही. त्याऐवजी जे बोलले ते मला आजही सुखानं बसू देत नाही. म्हणाले, “तुम्हाला एवढं कळत होतं, तर मग लावलीत कशाला?”

“चुकलं, अक्का,” ते म्हणाले. कॉम्प्युटर दोरीनं स्कूटरला बांधला आणि गेले.

डिस्क त्यांनी मागून घेतली आणि आपल्या ओळखीनं मुंबईला एकाकडे पाठवली. आतल्या तबकडीवर ओरखडा पडलाय, काही निघणार नाही, असं उत्तर आलं. ते त्यांनी फोनवर सांगितलं. मी “बरं” म्हणून फोन ठेवला. ‘प’पासून ‘ह’पर्यंत सगळं गेलं होतं. सहा वर्षांतला निम्म्याहून जास्त माल, कारण ‘म’, ‘व’ आणि ‘स’ ही माझी भरलेली अक्षरं होती. मी वर्गावर जायचे, शिकवायचे, घरी आल्यावर उगाच कपाटं लावायचे, पुन्हा विस्कटायचे. आठवून आठवून शब्द लिहायला बसायचे आणि दहा शब्दांवर अडायचे. शब्द आठवायचे, पण ते कुणाच्या तोंडचे आणि कुठल्या वाक्यात, ते आठवायचं नाही. शब्दापेक्षा मला ते वाक्यच हवं असायचं.

बारा दिवसांनी, रविवारी सकाळी सात वाजता, आमच्या घंटेचा आवाज झाला. दारात शिवाण्णा. खांद्याला झोळी, झोळीत टेपरेकॉर्डर आणि कोऱ्या कॅसेटी.

“चला,” ते म्हणाले.

“कुठं?”

“शिरोळला. ‘प’पासनं पुढं गोळा करायचं हाय न्हवं? सा वर्सं मागं गेली, आता सा म्हयनं हाइत. बसून काय हुतंय?”

मी म्हणाले, असं होत नसतं. त्या बायका आता पुरातून सावरतायत, त्यांना शब्द कुठले विचारायचे? “इचारून तर बघू,” म्हणाले आणि जिना उतरलेसुद्धा. स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला. मी चपला घातल्या.

त्या पावसाळ्यानंतरचं शिरोळ मी विसरणार नाही. उभा ऊस काळा पडलेला, भिंतींवर पाण्याची मातकट रेघ, अंगणाअंगणात गाद्या वाळत घातलेल्या. पहिल्या गावात एक ओळखीची म्हातारी गाळ उपसत होती. मला बघून म्हणाली, “बाई, तुझं शब्द ऱ्हाऊ दे. मिक्सर गेला, टीवी गेला, सून रोज रडतीया.” मी माघारी वळले. शिवाण्णा मात्र पुढं झाले, “मावशी, कुठाय टीवी?” ओसरीवर त्यांनी टीव्ही उघडला, जुन्या टूथब्रशनं गाळ काढला, भाग उन्हात मांडले. म्हातारी बघत उभी राहिली. शेजारची मिक्सर घेऊन आली, तिच्यामागून तिची जाऊ रेडिओ घेऊन. बायका गोळा झाल्या आणि आपोआप बोलायला लागल्या, पाणी कसं चढलं, काय वाहून गेलं, काय हाताशी लागलं. परड्यातली शेळी, पोत्यातली हरभऱ्याची डाळ, चुलीशेजारच्या वैलावर तसंच राहिलेलं दूध, शेतावर न्यायला बांधलेली भाकरीची बुत्ती. मी टेप चालू केला. दिवस मावळायच्या आत ‘प’ची आणि ‘ब’ची मिळून दोन कॅसेटी भरल्या.

मग दर रविवारी, दर सुट्टीला हेच. ते दुरुस्त करायचे, मी ऐकायचे. सगळंच दुरुस्त होत नसे, न होणारं ते तोंडावर सांगत, “हे फेकून द्या मावशी. मी आशा लावणार न्हाई.” शब्दांवर त्यांचं स्वतःचंही मत असायचं. मी एखादा अर्थ लिहून घेतला की हात चालू ठेवून ओरडत, “अक्का, चुकीचं लिव्हू नका! ते कानडी हाय, ह्यांनी अर्धंच उचललंय.” तीन घरांमधून निरोप मिळाला की बाई राहिली नाही. त्या तिघींचे शब्द माझ्या हरवलेल्या फाइलींतच गेले. तशा दारातून परतताना शिवाण्णा स्कूटर फार जोरात चालवायचे. मला प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगावं, की त्या दिवशी घाई माझी होती. स्कूटरवर वारं लागतंय, ऐकू जाणार नाही, असं म्हणून मी गप्प बसायचे.

कुरुंदवाडजवळच्या एका गावात एक बाई त्यांना म्हणाली, “आरं, गावभर फिरतोस, तुझी आई हाय की पलीकडच्या गावात. तिच्याएवढं जुनं बोलतंय कोण?” शिवाण्णा पेचकस फिरवत राहिले. मला तोवर माहीतच नव्हतं की त्यांची आई इतक्या जवळ राहते. विचारलं तेव्हा म्हणाले, “जातो की म्हयन्याला. औषधं देतो आन येतो.”

“आत जाता?”

“उंबऱ्यापत्तूर.”

पुढच्या रविवारी मी त्यांच्या आईकडे जायचा हट्ट धरला. आईला ते अव्वा म्हणत. अव्वा ऐंशीच्या पुढची, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, डोळे अधू पण आवाज खणखणीत. मुलाचा आवाज ऐकून म्हणाली, “औषिद ठेव तिथं.” मी पुढं होऊन कशासाठी आलोय ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “सांगतो की. पर ह्यो बसणार आसंल तरच सांगतो.” कानडी घरातल्या बायका मराठी बोलताना करतात तसं ती स्वतःला पुल्लिंगीच बोलायची.

“अव्वा, मला बाहीर स्कूटर…”

“सुम्म कूड,” ती म्हणाली. गप बस.

शिवाण्णा बसले. घोंगड्यावर, आईसमोर, हातात टेपरेकॉर्डर धरून. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच बघत होते. अव्वा बोलत राहिली. भाकरीचे, जात्याचे, म्हशीच्या आजारांचे, लहान मुलाला निजवायचे शब्द, एकातून दुसरा. माझी लिहून लिहून बोटं दुखायला लागली. शिवाण्णांचा गुडघा सारखा हलत होता, पण हातातला टेप हलला नाही. मध्येच अव्वानं माझ्याकडे वळून सांगितलं, “ह्यो चार वर्साचा आस्ताना नदी आलती. दोन दिस माळ्यावर बांधून ठेवला ह्येला, पडंल म्हणून. तवाधरनं बसत न्हाई.”

“खोटं हाय,” शिवाण्णा म्हणाले. “मी त्याच्या आदीपासनं आसाच हुतो.”

“तुला काय ठावं? चार वर्साचा हुतास.”

दोघंही हसली. त्या दिवशी आम्ही जेवूनच निघालो. त्यानंतर शिवाण्णा आईकडे माझ्याशिवायही जाऊ लागले, हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं.

मार्च संपायच्या चार दिवस आधी प्रबंध दिला. पदवी मिळाली, दोन वर्षांनी पुस्तकही झालं. ऋणनिर्देशात शिवाण्णांचं आणि अव्वाचं नाव होतं. पहिली प्रत द्यायला गेले तेव्हा ते माडीवर ओट्यामागे उभे होते. उभ्यानंच चाळता चाळता प्रस्तावनेवर थांबले आणि मोठ्यानं वाचलं, “‘तांत्रिक कारणाने काही सामग्री नष्ट झाल्यामुळे ती पुन्हा संकलित करावी लागली.’” माझ्याकडे वर बघितलं, पुस्तक मिटलं आणि कपाळाला लावून बाजूला ठेवलं. “झकास झालंय,” म्हणाले. मी चहा न घेताच खाली उतरले.

पुढं डिस्का मोठ्या झाल्या, पेनड्राइव्ह आले, लोक दोन-दोन ठिकाणी कॉपी ठेवू लागले. शिवाण्णांचं काम कमी झालं, आणि त्यांना छातीचं दुखणं लागलं. ऑपरेशनसाठी मुलीकडे बंगळुराला जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी भेटायला गेले. डॉक्टरांनी हिंडू-फिरू नका म्हणून बजावलेलं, तरी ते गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. मीही बरोबर चालू लागले. तिसऱ्या फेरीला म्हणाले, “शिवाण्णा, त्या दिवशी डिस्क लावा म्हणून मीच म्हणाले होते.”

“म्हणाला हुता की,” ते म्हणाले. “मी काय भैरा हाय?”

“मग साहेबांना का नाही सांगितलंत? मला का नाही म्हणालात? इतकी वर्षं तुम्ही…”

ते कठड्याला हात टेकून थांबले. दम लागला होता.

“अक्का, जीव टांगणीला लागला की गिऱ्हाईक म्हणतंयच, लावा म्हणून. प्रत्येक जण म्हणतंय. तुमी काय निराळं बोलला न्हाई. नगं म्हणायचं काम माझं हुतं. त्यासाठीच तर मला बोलावलं हुतं न्हवं?”

मग तेच म्हणाले, “आन ते परस्तावनेत तसलं गुळमुळीत कशाला लिवलंय? शिकल्यालं मानूस तुमी. काय झालं ते लिवायचं.”

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी शिवाण्णा गेले. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा प्रस्तावनेतलं ते वाक्य मी काढलं. त्या जागी लिहिलं, ‘या कोशातील ‘प’ ते ‘ह’ या अक्षरांची मूळ टिपणे माझ्या उतावीळपणामुळे नष्ट झाली.’ प्रकाशकांचा फोन आला, एवढं कशाला, जुनं वाक्य बरं होतं की. मी त्यांना ‘नको’ म्हणाले.